बंद खोलीतला अहवाल?

इंदूरला रविवारी पोह्यांवर जिरावण भुरभुरत काका पुन्हा म्हणाले, "आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा, अहवाल चार शास्त्रज्ञ बंद खोलीत लिहितात. तपासतं कोण?"

समज जुनाच, आणि चुकीचा. २०२१च्या अहवालाचे लेखक होते २३४, मसुद्यांवर शेरे आले ७८,००७. विषयाचा कुणीही जाणकार परीक्षक म्हणून नाव नोंदवू शकतो. प्रत्येक शेऱ्याला लेखकांनी लेखी उत्तर द्यायचं; शेरे-उत्तरं नंतर जाहीर होतात. (आमच्या सोसायटीच्या हिशेबाला हे नशीब नाही!)

"मग हिमालयातल्या हिमनद्या २०३५पर्यंत संपतील, असं छापलं कसं?" हा मुद्दा मात्र रास्त. २००७च्या अहवालातली ती चूक आयपीसीसीने २०१०मध्ये मान्य केली. परीक्षकांनी त्या वाक्याबद्दल विचारलं होतं. लेखकांनीच नीट लक्ष दिलं नाही.