मे महिन्यातलं रॉकेल आणि पार्ट धुवायचा ट्रे

घरच्या शेडमध्ये गाडी-ट्रॅक्टरचे तेलकट पार्ट धुवायला छोटा पार्ट वॉशर बनवायचा म्हणजे काही अवघड नाही, पत्र्याचा ट्रे, खाली टाकी, टाकीत कूलरचा पंप, वर एक नळी आणि ब्रश, झालं काम. टाकीत काय टाकायचं हा प्रश्न मात्र लोक शेवटी विचारतात, आणि उत्तर ठरलेलं असतं, रॉकेल नाहीतर डिझेल, कारण गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं तेच बघितलंय. पेट्रोल धोक्याचं आणि रॉकेल सेफ, एवढं सगळ्यांना पाठ आहे. पण सेफ म्हणजे किती तापमानाला सेफ? जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात राहणाऱ्याने सगळ्यात आधी हेच विचारायला पाहिजे.

द्रव पदार्थ स्वतः पेटत नाही, पेटते ती त्याच्यावर जमलेली वाफ. ज्या तापमानाला ठिणगी पडली की भडका उडेल एवढी वाफ तयार होते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याच्या खाली ४० अंशांच्या आसपास, म्हणजे ते कायमच तयार बसलेलं. रॉकेलचा आपल्या भारतीय मानकाप्रमाणे कमीत कमी ३५ अंश, आणि डिझेलचाही तेवढाच, पेंटच्या दुकानात मिळणाऱ्या मिनरल टर्पेंटाइनचा तर ३०. आता आपल्याकडचा मे महिना आठवा, सावलीत ४४-४५, आणि पत्र्याच्या शेडखाली दुपारी त्याहून जास्त. म्हणजे थंड प्रदेशातला माणूस रॉकेल बिनधास्त वापरतो ते त्याच्याकडे बरोबर असेलही, पण इथे एप्रिल ते जून तेच रॉकेल ट्रेमध्ये उघडं ठेवलं की पेट घ्यायला तयार झालेलं असतं. हातातल्या मालाचा आकडा मानकापेक्षा थोडा वरचा असू शकतो, पण त्या भरवशावर आपण का बसायचं? हवेत शंभरात एक भागाहूनही कमी वाफ असली तरी पुरते, आणि ही वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीवरून सरकत जाते, पलीकडे ग्राइंडर चालू असेल तर तिथपर्यंत. शिवाय नळीतून फवारा उडतो तेव्हा जे बारीक थेंब होतात ते फ्लॅश पॉइंटच्या खालीही पेटू शकतात.

आणि तो कूलरचा पंप, तो पाण्यासाठी बनवलेला आहे हो. त्याच्या वायरचं प्लॅस्टिक रॉकेलमध्ये राहून कडक होतं, मग तडकतं, आणि तडकलेली वायर रॉकेलच्या टाकीत असणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

मग रॉकेल एवढं चांगलं साफ का करतं? इंजिन ऑइल, गिअर ऑइल हे कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या, रॉकेल त्याच जातीच्या छोट्या साखळ्या, म्हणून दोघं एकमेकांत मिसळतात. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल, त्यातलं तेल रॉकेलमध्ये गेलं की जाळी मोकळी होते. पण पिस्टनवरचा काळा कडक कार्बन रॉकेलने विरघळत नाही, गंज नाही, आणि ट्रॅक्टरच्या पार्टवरची आपली काळी माती तर अजिबात नाही. काळ्या मातीतली चिकणमाती अशी की तिच्या बारीक थरांमध्ये पाणी शिरतं, थर फुगतात आणि सुटतात, हे काम रॉकेल करू शकत नाही, ते वरवरचं ग्रीस नेतं आणि माती ट्रेमध्ये चिकट राबडी होऊन बसते. खानदेशातल्या शेडमध्ये निम्मा मळ हाच असतो, त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे की घरच्या वॉशरमध्ये मुख्य टाकी पाण्याचीच पाहिजे, डिग्रीझर म्हणजे तेल-ग्रीस काढणारं द्रावण घातलेल्या पाण्याची.

बरेच जण पाण्यात कॉस्टिक सोडा टाकतात, तेल कापतो म्हणून. खाण्याच्या तेलाचा कॉस्टिकने साबण होतो हे खरं, पण इंजिन ऑइल हे खनिज तेल, त्याचा साबण होतच नाही. तिथे काम करतो तो डिटर्जंट, ज्याचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. उलट कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो, हायड्रोजन वायू सोडत खातो, आणि बऱ्याच कार्बोरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते तिलाही सोडत नाही. ॲल्युमिनियमचे पार्ट असतील तर सौम्य डिग्रीझर घ्या, त्याचा पीएच (क्षारपणाचा आकडा) साधारण ९ च्या वर नको, आणि डब्यावर ॲल्युमिनियमला चालतं असं लिहिलंय का ते बघा. बोअरचं पाणी जड असेल तर साध्या साबणाचा चोथा होतो, डिटर्जंटला तो त्रास कमी. पाणी ५०-६० अंश गरम असलं की ग्रीस पातळ होतं आणि काम लवकर होतं, उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी आधीच चांगलं तापलेलं असतं, थोडंच तापवावं लागतं. पंपाला किती गरम पाणी चालतं ते मात्र आधी बघा, नाहीतर गरम पाणी वेगळ्या टबात ठेवून ब्रशने घासा.

पाण्याचा एकच खरा तोटा, गंज. धुतलेलं लोखंड ओलं ठेवलं की बघता बघता तांबूस होतं. लगेच कॉम्प्रेसरने हवा मारायची आणि पातळ तेलाचा हात फिरवायचा. आपल्याकडे उन्हाळ्यात पार्ट आपोआप सुकतो, पावसाळ्यात जास्त जपावं लागतं. बेअरिंग मात्र हवा मारून गरगर फिरवायचं नाही, सुटलेली गोळी डोळ्यात जाते.

काही पार्टना पाणी चालतच नाही, बेअरिंग, बारीक कामाचे पार्ट वगैरे, त्यांच्यासाठी डी-८० नावाने मिळणारं सॉल्व्हंट, म्हणजे तेल विरघळवणारं द्रव, बघा, त्याचा फ्लॅश पॉइंट साधारण ७५ च्या वर असतो, म्हणजे मे महिन्यातही बरंच अंतर राहतं. महाग आहे, हळू सुकतं, म्हणून टाकीभर नको, झाकणाच्या लोखंडी डब्यात दोन-चार लिटर पुरे.

ब्रेकचे पार्ट यातल्या कशातच टाकू नका, त्यातले रबर सील पेट्रोल-रॉकेलने फुगतात, धातूच्या पार्टना ब्रेक क्लीनरच. आणि क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने धुतलेला पार्ट वेल्डिंगला घेऊ नका, उष्णतेत त्याचा फॉसजीन हा विषारी वायू होऊ शकतो. पेट्रोलमध्ये तर बेंझिन असतं, १ टक्क्यापर्यंत, त्याने कॅन्सर होतो हे पक्कं ठरलेलं आहे आणि ते कातडीतूनही आत जातं, त्यामुळे हात धुवायलासुद्धा पेट्रोल नको.

टाकीतलं घाण पाणी लगेच फेकू नका, दोन दिवस न हलवता ठेवलं की तेल वर येतं आणि गाळ खाली बसतो, मधलं पाणी परत वापरता येतं. वरचं तेल वेगळ्या डब्यात जमवून जुनं ऑइल घेणाऱ्या अधिकृत रिसायकलरकडे द्या, विहिरीच्या बाजूला ओतू नका, आपला खडक भेगांचा आहे आणि ओतलेलं तेल त्या भेगांतून पाण्यापर्यंत पोचतं. आणि उरलेलं रॉकेल किंवा सॉल्व्हंट पाण्याच्या बाटलीत कधीच भरून ठेवू नका, लहान मूल पाणी समजून पितं आणि ते फुफ्फुसात जातं. तसं झालंच तर उलटी करवू नका, सरळ दवाखान्यात न्या.