उपग्रहाला वणवा दिसतो, पण लागताक्षणी नाही

उन्हाळा जवळ आला की एक मेसेज फिरू लागतो: ‘आता उपग्रह जंगलावर चोवीस तास नजर ठेवतो, वणवा लागताच वनखात्याला आपोआप कळतं, फोन करायची गरज नाही.’ यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं.

वणव्याची जागा नकाशावर ठिपक्याने दाखवणारे मुख्य उपग्रह ध्रुवांवरून फिरतात. त्यातला एकेक आपल्या डोक्यावरून दिवसातून साधारण दोनदाच जातो. काही महत्त्वाचे तर दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास. समजा, सह्याद्रीच्या उतारावर दुपारी तीनला गवत पेटलं. मार्चातलं वाळून कडकडीत झालेलं गवत, त्यात वारा; रात्री आठपर्यंत अख्खा उतार काळा. रात्रीचा उपग्रह येईतो राख निवलेली असते, नकाशावर ठिपका उमटतच नाही. एकाच भागाकडे सतत पाहणारे उपग्रहही आहेत, पण सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून लहान आग सहसा निसटते. दाट ढग असले तर दोघांचाही इलाज चालत नाही.

हे स्वतः पडताळता येतं. इंटरनेटवरचा वणव्यांचा खुला नकाशा उघडून आपल्या तालुक्यातले ठिपके तपासा. वेळा ठरावीक तासांभोवतीच गोळा झालेल्या दिसतील. (त्या बहुधा जागतिक वेळेत असतात, साडेपाच तास मिळवा.)

माणूस फिरकत नाही अशा आतल्या रानात उपग्रहाच्या इशाऱ्यांचा मोठाच आधार आहे. पायथ्याच्या गावाला मात्र धूर आधी दिसतो. महाराष्ट्रात तो दिसताच वनखात्याचा १९२६ हा टोल-फ्री क्रमांक लावा.