श्रमबल सहभाग दर : भारतातील कल आणि नागपूर परिसर

काम करण्याच्या वयातील दर शंभर माणसांपैकी जितकी कामावर आहेत किंवा काम शोधत आहेत, ती संख्या म्हणजे श्रमबल सहभाग दर. भारतात हे वय १५ पासून पुढे धरतात. शिकणारी मुले, फक्त घर सांभाळणाऱ्या बायका, थकलेली म्हातारी माणसे आणि काम मिळण्याची आशा सोडलेले लोक या मोजणीबाहेर राहतात. म्हणून बेरोजगारीचा आकडा एकटा वाचू नये. काम शोधून थकलेला माणूस शोध थांबवतो, त्या दिवसापासून तो बेरोजगारांत धरला जात नाही आणि बेरोजगारी घटल्यासारखी दिसते. तो कुठे गेला, ते सहभाग दरात सापडते.

१९७२-७३ पासून साधारण पाच-पाच वर्षांनी होणाऱ्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या फेऱ्यांत हा दर मोजला जाई. २०१७ पासून दरवर्षी नियतकालिक श्रमबल पाहणी होते. पुरुषांचा दर या पाहणीत फारसा हललेला नाही : २०१७-१८ मध्ये ७५.८ टक्के, २०२३-२४ मध्ये ७८.८ टक्के. खरी उलथापालथ बायकांच्या आकड्यात आहे. २००४-०५ मध्ये तो ४२.७ टक्के होता, २०११-१२ मध्ये ३१.२ वर आला आणि २०१७-१८ मध्ये २३.३ टक्क्यांपर्यंत घसरला. त्यानंतर तो चढत गेला : २०१९-२० मध्ये ३०, २०२२-२३ मध्ये ३७, २०२३-२४ मध्ये ४१.७. भारतातील सहभाग दराचा इतिहास हा मुख्यतः बायकांच्या कामाचा इतिहास आहे.

घसरणीची कारणे एकाच जातीची नाहीत. पंधरा ते वीस वर्षांच्या मुली शाळा-कॉलेजात टिकू लागल्या, हा तिचा चांगला भाग. दुसरा भाग शेतीतून आला. नागपूर जिल्ह्यात काटोल, नरखेड, सावनेरकडच्या वावरांत निंदण आणि कापूस वेचणी ही परंपरेने बायकांची कामे. तणनाशकाची फवारणी वाढली तशी निंदणाची रोजी आटली. फवारणीचा पंप बहुधा पुरुषाच्या पाठीवर असतो. वेचणी मात्र अजून हातानेच होते आणि किलोवर पैसे मिळतात. शेतीतून सुटलेल्या बायकांना गावाजवळ दुसरे काम मिळाले नाही, हे या घसरणीचे सर्वांत कडू कारण आहे.

शहरातही एक दार बंद झाले. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. ती २००२ मध्ये कायमची बंद पडली. कापड गिरण्यांत सूत गुंडाळण्याच्या खात्यात बायका असत. गिरणीचा भोंगा, पगाराचा ठरलेला दिवस, भविष्य निर्वाह निधी यांच्या जागी आता मजुरांचा सकाळचा ठिय्या, म्हणजे रोजीच्या कामाची वाट पाहत उभे राहण्याची जागा आहे. तिथे डबा घेऊन उभी राहिलेली रेजा, म्हणजे बांधकामावरची मजूर बाई, नऊ-दहापर्यंत कोणी नेले नाही तर परत फिरते. बुटीबोरी, हिंगणा आणि मिहान या शहराबाहेरच्या औद्योगिक भागांत नवी कामे आली, पण तिथे पोचायला रोज लांबचा प्रवास करावा लागतो. २०२३-२४ मध्ये देशातील ग्रामीण बायकांचा दर ४७.६ टक्के आणि शहरी बायकांचा २८ टक्के असण्यामागे असे अंतरही आहे.

मोजणीच्या प्रश्नातच एक अडचण दडलेली असते. मराठीत ‘कामाला जाणे’ म्हणजे घराबाहेर जाणे. पाहणी करणारा दारात उभा राहून विचारतो, ‘मावशी, घरात कामाला कोण जातं?’ सासू सांगते, ‘पोरगा जाते. सून? ते घरीच राह्यते.’ आतल्या खोलीत सुनेच्या शिलाई मशीनवर फॉल-पिकोच्या साड्यांचा ढीग असतो आणि प्रत्येक साडीला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी टाचलेली असते. पुढचा प्रश्न विचारला नाही तर ही बाई ९२ या संकेतांकाखाली, म्हणजे फक्त घरकाम करणारी म्हणून नोंदली जाते. विचारला तर ती ११ खाली, म्हणजे स्वतःचा धंदा करणारी ठरते. बाई तीच, मशीन तेच. कामठीकडे घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांचेही असेच होऊ शकते.

कालावधीचाही फरक पडतो. ‘नेहमीची स्थिती’ या पद्धतीत मागचे ३६५ दिवस पाहतात आणि ३० दिवसांचे दुय्यम कामही धरतात. ‘चालू साप्ताहिक स्थिती’त फक्त मागचे सात दिवस पाहतात, त्यात एका दिवशी तासभर काम झाले तरी पुरते. दिवाळीनंतर दोन महिने कापूस वेचणारी बाई पहिल्या पद्धतीत श्रमबलात येते. तिलाच मे महिन्यात साप्ताहिक प्रश्न विचारला तर ती बाहेर राहू शकते.

२०१७-१८ नंतरच्या चढाकडे पाहताना तो कशाचा बनला आहे हे तपासावे लागते. काम करणाऱ्या बायकांत स्वयंरोजगारातील वाटा २०१७-१८ मध्ये ५१.९ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ६७.४ टक्के झाला. त्यातच घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी हात लावणाऱ्या बायका येतात. त्यांचा वाटा ३१.७ वरून ३६.७ टक्क्यांवर गेला. नियमित पगाराच्या नोकरीतील वाटा मात्र २१ वरून १५.९ टक्क्यांपर्यंत उतरला. काही अभ्यासक या चढाला बायकांच्या वाढत्या हिमतीची खूण मानतात, काही करोनानंतरच्या ओढगस्तीची, तर काही सुधारलेल्या मोजणीची. तिन्हींत तथ्य आहे, पण पगाराचा वाटा घटत असताना नुसत्या दराच्या वाढीला प्रगती म्हणणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. घरकामाचा भारही त्याच हातांवर आहे : २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरचे बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जात होते, पुरुषांचे ८८.

२०२५ पासून पाहणीची रचना बदलली. नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरला जाऊ लागला आणि एप्रिल २०२५ पासूनचे मासिक आकडे प्रसिद्ध होऊ लागले. हे मासिक आकडे साप्ताहिक स्थितीवर बेतलेले असल्याने वर दिलेल्या, नेहमीच्या स्थितीवरच्या जुन्या वार्षिक आकड्यांशी थेट जुळवता येत नाहीत. मे महिन्याचा आकडा डिसेंबरच्या आकड्याशेजारी ठेवताना कपाशीच्या पट्ट्यात मधली वेचणीही लक्षात घ्यावी लागते.