पेडल कयाकचे सुकाणू : बिघाड आणि दुरुस्ती

पेडल कयाक म्हणजे वल्ह्याऐवजी पायांनी चालवायची, बहुधा एकाच माणसाची प्लास्टिकची होडी. अमेरिकेतील होबी कंपनीने १९९७ मध्ये मिराज ड्राइव्ह ही यंत्रणा आणली. तिच्यात पेडल मारले की होडीच्या पोटाखालचे दोन पर पेंग्विनच्या पंखांसारखे आडवे हलतात. दुसरा प्रकार पंख्याचा. त्यात सायकलसारखे पेडल फिरते आणि दात्यांच्या चाकांमार्फत पंखा फिरवते. दोन्हींत हात मोकळे राहतात, म्हणून गळ टाकणाऱ्यांना आणि पक्षी पाहणाऱ्यांना ही होडी सोयीची वाटते. पण हात मोकळे झाले की दिशा सांभाळण्याचे सगळे काम सुकाणूवर येते. विदर्भातल्या तलावांवर चालणाऱ्या डोंग्यात मागचा माणूस बांबूने किंवा वल्ह्यानेच दिशा देतो. वल्ह्याच्या कयाकमध्येही सुकाणू नसले तरी अडत नाही. पेडल कयाकचे तसे नाही. तिचे सुकाणू बिघडले तर होडी पुढे जाते, पण हवी तिथे जात नाही.

रचना

आसनाच्या एका बाजूला, बहुधा डावीकडे, हँडल असते. हँडलखाली लहान चकती असते आणि तिला दोन दोऱ्या स्क्रूने आवळलेल्या असतात. या दोऱ्या होडीच्या पोटातून प्लास्टिकच्या बारीक नळ्यांमधून मागच्या टोकाला जातात आणि सुकाणूच्या डोक्याला डावीउजवीकडे बांधल्या जातात. हे डोके उभ्या पिनेवर फिरते. पाण्यात उतरणारे सुकाणूचे पाते खाली सोडायची आणि वर घ्यायची दोरी वेगळी असते. दिशेच्या दोऱ्या साधारण २ मिलिमीटर जाडीच्या, डायनिमा या न ताणणाऱ्या मजबूत कृत्रिम धाग्याच्या असतात. काही होड्यांत त्यांच्या जागी स्टेनलेसची तार असते.

पात्यावरून पाणी वाहत असेल तेव्हाच सुकाणू काम करते. होडी थांबलेली असताना हँडल कितीही वळवले तरी तोंड फिरत नाही, आणि हा बिघाड नव्हे. तसेच पाते ३०-३५ अंशांपलीकडे वळवले की ते वळवण्यापेक्षा ब्रेकचेच काम जास्त करते. मागे जाताना पाण्याचा प्रवाह उलट्या बाजूने येतो आणि पात्याला एका टोकाला ढकलतो. अशा वेळी हँडल हाताने धरून ठेवावे लागते. नव्याने घेतलेल्या कयाकबद्दलच्या तक्रारींत या तीन गोष्टींचा वाटा मोठा असतो.

दोष शोधताना

सुकाणू ढिले वाटले की बहुतेक जण आधी दोरी ओढून घट्ट करतात. ही घाई महागात पडते. दोरी हा दोषाचा शेवटचा संशयित मानावा आणि तपासणी पात्याकडून हाताकडे करावी : पाते, पिन, डोके, दोरीचे मागचे टोक, नळी, चकती, हँडल, याच क्रमाने.

तपासणी जमिनीवर, दोन माणसांनी करावी. होडी दोन स्टुलांवर ठेवून पाते खाली सोडावे. एकाने पाते दोन्ही हातांनी घट्ट धरावे, दुसऱ्याने हँडल हळूहळू हलवावे. पाते जागचे हलत नसताना हँडल बोटभर फिरत असेल तर मधे कुठेतरी ढिलाई आहे. आता हँडल धरून पाते हलवावे आणि नजर पिनेवर ठेवावी. डोकेच खुळखुळत असेल तर पिन झिजली आहे किंवा तिचे भोक लांबट झाले आहे, दोरी आवळून काही होणार नाही. डोके घट्ट असेल तर नळीचे तोंड पाहावे. होडीत नळी जिथे पक्की केलेली असते तिथून ती सुटली, तर हँडल वळवताना दोरीऐवजी नळीच पुढेमागे सरकते. हा दोष बाहेरून चटकन दिसत नाही. आसनामागचे झाकण उघडून नळीवर बोट ठेवले आणि हँडल हलवले की लगेच कळतो.

एका बाजूला ओढ

हात सोडला की होडी एकाच बाजूला जाते, ही सर्वात जास्त ऐकू येणारी तक्रार. वारा पडलेला असताना, सकाळी लवकर, काठावरचे एखादे झाड नजरेत धरून सुमारे ५० मीटर सरळ पेडल मारावे आणि होडी कोणत्या हाताला वळते ते पाहावे. मग त्याच वाटेने परत यावे. जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे वळली तर कारण वारा आहे, सुकाणूला हात लावू नये. दोन्ही वेळा एकाच हाताला वळली तर दोष होडीत आहे.

मग आधी सामान पाहावे. एका बाजूला बर्फाची पेटी किंवा बॅटरी ठेवली की होडी कलते आणि कललेली होडी वळते. पराच्या यंत्रणेत दोन्ही परांचा ताण सारखा आहे का, पराची सळई वाकली आहे का, हे पाहावे. पंख्याच्या यंत्रणेत पंखा एकाच दिशेने फिरत असल्याने थोडी ओढ राहतेच. ती पूर्ण घालवण्याच्या मागे न लागता पाते दोन-तीन अंश विरुद्ध बाजूला बसवावे. हे सगळे ठीक असेल तरच हँडल मधोमध असताना पातेही मधोमध आहे का ते तपासावे. नसेल तर एक दोरी जितकी सोडली तितकीच दुसरी ओढून घ्यावी. एकच बाजू आवळली तर पाते सरळ होते, पण सगळी यंत्रणा ताठ होते.

नरम प्लास्टिकचे पाते वाकल्यामुळेही ओढ लागते. पाते खाली सोडून मागून, डोळा त्याच्या कडेच्या रेषेत आणून पाहिले की वाक दिसतो. असे पाते काढून गरम पाण्यात नरम करावे आणि दोन सपाट फळ्यांमध्ये शिकंज्यांनी आवळून पूर्ण थंड होऊ द्यावे.

जड हँडल

हँडल जड झाले की तेल घालायची सवय असते. त्याआधी पाते पूर्ण खाली उतरले आहे का ते पाहावे. अर्धवट उतरलेले पाते पिनेपासून मागे लांब पसरते. पाण्याचा जोर पिनेपासून दूर लागतो आणि हाताला भार जाणवतो. खाली ओढणारी दोरी पकडीतून सरकते, किंवा पात्याच्या सांध्याचा बोल्ट फार आवळलेला असतो, किंवा सांध्यात काडी अडकलेली असते. सांध्याचा नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला, आपोआप सैल न होणारा नट) पूर्ण आवळून मग पाव आटा सोडला की पाते आपल्या वजनाने पडते आणि डुगडुगतही नाही.

पाते पूर्ण खाली असूनही हँडल जड असेल तर नळी साफ करावी. नागपूरच्या आसपासच्या तलावांचे तळ बऱ्याच ठिकाणी काळ्या मातीचे आहेत. हा गाळ दोरीबरोबर नळीत शिरतो आणि होडी महिनाभर उभी राहिली की आत प्लास्टरसारखा वाळतो. नळीच्या तोंडाशी दोरी दोन बोटांनी ओढून पाहावी. तिच्यावर राखाडी भुकटी दिसेल, पुढे तंतू उभे राहून कापसासारखे फुललेले दिसतील. भुकटी असेल तर सिरिंजने नळीत स्वच्छ पाणी मारत हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवत राहावे, पाणी स्वच्छ येईपर्यंत. तंतू फुलले असतील तर दोरी बदलावी. नळीत ग्रीस किंवा मशीनचे तेल घालू नये, गाळ त्यालाच चिकटतो. वाळलेल्या नळीत सिलिकॉनचा हलका फवारा पुरतो.

दोरी बदलणे

३.६ मीटरच्या होडीला दोन्ही बाजूंसाठी मिळून ६ मीटर दोरी घ्यावी. नायलॉनची दोरी नको. ती भिजल्यावर ताणते आणि आठवड्याभरात हँडल पुन्हा सैल होते. डायनिमा न मिळाल्यास पॉलिएस्टरची विणलेली दोरी चालते.

जुनी दोरी आधी ओढून काढू नये, तीच नव्या दोरीची वाट आहे. जुन्याचे आणि नव्याचे टोक एकावर एक न ठेवता समोरासमोर टेकवावे, सुईदोऱ्याने चार टाके घालावेत आणि वर पातळ टेपचा एकच वेढा द्यावा. जोड जाड झाला तर नळीच्या वळणावर अडकतो. मग एकाने मागून ओढावे आणि दुसऱ्याने पुढून दोरी ढकलत द्यावी. दोरी आतच तुटली असेल तर शिवणाच्या दोऱ्याला पॉलिथिनचा लहानसा तुकडा बांधून नळीच्या एका तोंडात सोडावा आणि दुसऱ्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनर लावावा. दोरा काही क्षणांत पलीकडे येतो, आणि त्याच्या मागून मुख्य दोरी ओढता येते.

बांधताना हँडल मधोमध टेपने पक्के करावे. पात्याच्या दोन्ही बाजूंना सरळ पट्ट्या लावून ते होडीच्या मध्यरेषेत धरावे. दोन्ही दोऱ्या सारख्या ओढून स्क्रूखाली घ्याव्यात. दोरी स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावी, म्हणजे स्क्रू आवळताना ती आत ओढली जाते, बाहेर निसटत नाही. डायनिमा गुळगुळीत असल्याने साधी गाठ तिच्यावर टिकत नाही. स्क्रूच्या मागे इंग्रजी आठच्या आकाराची गाठ मारून १० सेंटिमीटर शेपूट ठेवावी आणि टोक मेणबत्तीवर वितळवावे. शेवटी टेप काढून हँडल उजवीकडे वळवावे. पात्याची मागची कड उजवीकडेच गेली पाहिजे. डावीकडे गेली तर दोऱ्यांची अदलाबदल झाली आहे. पाण्यात अर्धा तास चालवल्यावर गाठी बसतात, तेव्हा ताण पुन्हा एकदा जुळवावा.

ताण किती असावा? हँडल दोन बोटांनी फिरावे आणि सोडल्यावर जागेवरच राहावे, एवढाच. ते जागेवर राहत नसेल तर चकतीखालचा घर्षणाचा नट आवळावा, दोरी नव्हे.

नागपूरचे ऊन आणि दोरीचा ताण

पॉलिथिन तापले की बरेच वाढते : मीटरमागे दर १० अंशांना साधारण दीड ते दोन मिलिमीटर. डायनिमा जवळजवळ वाढतच नाही. आसनापासून सुकाणूपर्यंत २ मीटर अंतर धरले आणि होडीचे तापमान ३० अंशांनी चढले, तर नळीची वाट सुमारे एक सेंटिमीटरने लांबते आणि दोरी आहे तेवढीच राहते. डिसेंबरच्या पहाटे जुळवलेले हँडल मे महिन्यात नवतप्याच्या, म्हणजे सर्वात कडक नऊ दिवसांच्या, उन्हात हलेनासे होते, त्याचे कारण हे. उलट भर दुपारी अंगणात जुळवलेले सुकाणू पाण्यात उतरल्यावर सैल पडते. त्यामुळे ताण नेहमी होडी अर्धा-एक तास पाण्यात राहिल्यावर, सावलीत जुळवावा. जिथे वापरायची त्याच तापमानात जुळवावे, एवढे एकच सूत्र पाळले तरी दर हंगामातली निम्मी खटपट टळते. उन्हात पत्र्याच्या शेडखाली पालथ्या होडीवर ओझे ठेवले तर पातेही वाकते आणि तळालाही खळगा पडतो.

पिन तुटणे

अनेक बनावटींत सुकाणूची पिन मुद्दाम प्लास्टिकची असते. दगडावर किंवा बुडालेल्या खुंटावर पाते आदळले की पिन तुटावी आणि होडीचे अंग वाचावे, हा हेतू. वारंवार तुटते म्हणून तिच्या जागी लोखंडी बोल्ट घालणारे पुष्कळ भेटतात. मग पुढच्या धडकेत होडीच्या मागच्या टोकाचे भोकच फाटते आणि ते नीट सांधणे फार अवघड असते. दोन पिना जवळ ठेवाव्यात. अगदीच नड पडली तर सुक्या बांबूची नेमक्या जाडीची खुंटी तासून बसवली तरी काठापर्यंत पोहोचता येते. गाडीवरून नेताना पाते वर घेऊन बांधावे. पिना पाण्याइतक्याच रस्त्यावरही तुटतात.

वनस्पती आणि मांजा

नागपूरच्या अंबाझरी तलावात जलपर्णीचा त्रास वर्षानुवर्षे आहे. तलावांच्या कडेला बेशरम नावाची झुडपी वनस्पती माजते आणि तिच्या वाळक्या काड्या नेमक्या पात्याच्या आणि डोक्याच्या फटीत अडकतात. वनस्पतींच्या पट्ट्यात पाते वर घ्यावे, दोन-चार वल्ही मारून बाहेर यावे आणि मगच पेडल धरावे. संक्रांतीनंतर आणखी एक त्रास वाढतो, नायलॉन मांजाचा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, तरी तो पाण्यात सापडतो. मांजा पंख्याच्या दांड्यावर गुंडाळला जातो, तिथून रबरी सीलच्या आत शिरून सील कापतो, आणि दात्यांच्या डब्यात पाणी जाते. पेडल अचानक जड झाले तर जोर लावू नये. यंत्रणा वर उचलून, दांड्याला समांतर ब्लेड फिरवून मांजा कापावा आणि पंखा काढून त्याच्या मागची खाच तपासावी. कापलेला मांजा पाण्यात न टाकता डबीत घालून आणावा, नाहीतर तो एखाद्या पाणकावळ्याच्या पायात अडकतो.

पाण्यात असताना सुकाणू गेले तर

रामटेकजवळच्या खिंडसीसारख्या मोठ्या जलाशयात दुपारच्या वाऱ्यात दोरी तुटली तर घाबरून जोरात पेडल मारू नये. पेडलची होडी रुंद असते, सुकाणू नसले की ती गोल फिरत राहते. पाते एका बाजूला अडकले असेल तर आधी वर घ्यावे. मग वल्हे मागे टेकवून त्याचेच सुकाणू करावे आणि संथ पेडल मारावे. वल्हे नसेल तर भरलेली ओली पिशवी दोरीने एका बाजूला सोडली की होडी त्या बाजूला वळते. यासाठी वल्हे आणि लाइफ जॅकेट घरी ठेवून निघू नये, आणि होडी फक्त परवानगी असलेल्या पाण्यातच उतरवावी. पेंच व्याघ्र प्रकल्पातला तोतलाडोह जलाशय अशा ठिकाणांत येत नाही.

सोबतच्या डबीत दोन पिना, ३ मीटर दोरी, नायलॉक नट, अ‍ॅलन की, पेचकस, ब्लेड आणि टेप एवढे पुरते. पिना सोडल्या तर बाकी सगळे नागपूरच्या इतवारी बाजारातल्या हार्डवेअर दुकानांत मिळते. पिना होडी घेतानाच जास्तीच्या मागून घ्याव्यात.