अर्धा हिस्सा वेगळा, पोटगी वेगळी

फोंड्याच्या एका बाईंनी घटस्फोटाच्या तडजोडीचा मसुदा माझ्यापुढे ठेवला. त्यात एक ओळ होती : ‘पोटगीपोटी पर्वरीचा फ्लॅट पत्नीस दिला.’ लग्न गोव्यात नोंदवलेलं, फ्लॅट लग्नानंतर घेतलेला, लग्नाआधी वेगळा करार नाही. म्हणजे निम्मा फ्लॅट आधीपासून त्यांचाच होता, आणि तोच त्यांना पोटगी म्हणून मिळत होता. वाचून जीव तुटला.

पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या नियमाने गोव्यात नवरा-बायको सामाईक मालमत्तेचे अर्धे-अर्धे धनी, धर्म कोणताही असो. आयकरही ते मानतो. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५अ म्हणून आलेल्या नियमाप्रमाणे भाडं, व्याज, धंद्याचा आणि भांडवली नफा दोघांच्या विवरणपत्रांत निम्मा-निम्मा जातो. पगार मात्र ज्याचा त्याचा. फ्लॅटचं भाडं महिना २०,००० रुपये असेल तर वर्षाचे २,४०,००० होतात. प्रत्येकाच्या वाट्याला १,२०,००० येतात, आणि भाड्यावर मिळणाऱ्या ३० टक्के ठरावीक वजावटीनंतर ८४,००० वर कर. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला करही असाच वाटला जातो. नुसतं वेगळं राहायला लागल्याने ही वाटणी थांबत नाही, म्हणून खटला चालू असताना रागाच्या भरात एकट्याच्या नावावर सगळं दाखवू नका.

घटस्फोटात आपला अर्धा हिस्सा हाती येतो ते उत्पन्न नव्हे. कराचा प्रश्न पुढे तो विकून नफा झाला की येतो. अर्ध्याहून जास्त मिळत असेल तर मात्र सही करण्याआधी सीएला दाखवा.

पोटगीचं गणित निराळं. ती समोरच्याच्या खिशातून येते. दरमहा आली तर घेणाऱ्याचं उत्पन्न धरून तिच्यावर कर लागतो, आणि देणाऱ्याला तिची वजावटही नाही. एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची, म्हणजे उत्पन्न नव्हे, म्हणून करमुक्त, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. ती रक्कम मुदत ठेवीत टाकली की व्याज करपात्र, आणि घटस्फोटानंतर ते सगळं तुमच्याच नावावर.

बाईंच्या मसुद्यातली ती ओळ आम्ही खोडली. तिच्या जागी दोन कलमं आली : एकात सामाईक मालमत्तेतला त्यांचा अर्धा वाटा, दुसऱ्यात एकरकमी पोटगीचा आकडा. फ्लॅट पहिल्या कलमात गेला.