रात्रदर्शक साधने (युद्धकालीन)

काळोखात शत्रूची हालचाल टिपणारी प्रकाशकीय साधने. फौजेत ‘नाइट व्हिजन’ हेच नाव रुळले आहे. प्रकार मुख्यतः तीन : अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा, ‘इन्फ्रारेड’) झोत टाकून पाहणारी सक्रिय, चांदण्याचा उजेड वाढवणारी निष्क्रिय आणि वस्तूची उष्णता टिपणारी औष्णिक.

आद्यत्वाबद्दल मतभेद आहेत. हंगेरियन संशोधक काल्मान तिहान्यी यांनी १९२९ च्या सुमारास ब्रिटनच्या विमानवेधी संरक्षणासाठी अवरक्त-संवेदी दूरचित्रवाणी कॅमेरा सिद्ध केला, म्हणून काही जण तो मान त्यांना देतात. मात्र पुढच्या रात्रदुर्बिणी ज्या नळीवर उभ्या राहिल्या, ती हॉलंडमध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत गिलेस होल्स्ट व सहकाऱ्यांनी सुमारे १९३४ मध्ये घडवली. तिलाच मूळ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. नळीच्या एका टोकाला सिझियमयुक्त लेप असतो. त्यावर अवरक्त किरण पडले की इलेक्ट्रॉन सुटतात, उच्च विद्युत्‌दाबाने वेग घेतात आणि समोरच्या पडद्यावर आदळून हिरवट चित्र उमटवतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीने ‘पँथर’ रणगाड्यांवर अशी साधने बसवली. त्यांनी रात्रीच्या मोठ्या लढाया मारल्याच्या हकिगती बऱ्याच आहेत, पण त्यांपैकी पुष्कळशा नंतरच्या आठवणींवर बेतलेल्या. मोजक्या तुकड्यांना साधने मिळाली, इतके धरणे सुरक्षित. ‘व्हॅम्पायर’ या बंदुकीवरील साधनाची दुर्बीण सव्वादोन किलोंची, तर पाठीवरची बॅटरी सुमारे १३ किलोंची होती. अमेरिकनांनी १९४५ मध्ये जपानच्या ओकिनावा बेटावर कार्बाइन या आखूड बंदुकीवर तत्सम दुर्बिणी वापरल्या. सक्रिय साधनाचा मूळ दोष असा, की शत्रूपाशी तशीच दुर्बीण असेल तर आपला झोतच त्याला आपला ठावठिकाणा दाखवतो.

व्हिएतनाम युद्धातील ‘स्टारलाइट’ या निष्क्रिय दुर्बिणींनी झोताची गरज संपवली. मात्र दाट ढगांच्या अमावास्येला त्या निकामी ठरत आणि प्रखर उजेडाने त्यांचे चित्र फुलून जाई. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतील शोभेच्या दारूकामाकडे अशी दुर्बीण रोखली, तर पडद्यावर नुसता उजळ डाग उरेल.

१९७३ च्या अरब-इस्राएल युद्धात गोलान टेकड्यांवर सीरियाच्या रणगाड्यांपाशी अवरक्त झोत होते. इस्राएलची तयारी तोकडी होती. त्याआधी, ४-५ डिसेंबर १९७१ च्या रात्री राजस्थानातील लोंगेवाला ठाण्यावर पाकिस्तानचा हल्ला झाला तेव्हा जैसलमेरच्या हंटर विमानांत रात्री लढण्याची सोय नव्हती. त्यांना उजाडेपर्यंत थांबावे लागले आणि ठाण्यातील जवानांनी ती रात्र हवाई मदतीविना झुंजत काढली. पुढे १९९० च्या सुमारास भारत इलेक्ट्रॉनिक्सने डेल्फ्टच्या डच कंपनीबरोबर पुण्यात प्रतिमावर्धक (अंधुक उजेड वाढवून चित्र दाखवणाऱ्या) नळ्यांचा उद्योग उभारला.

औष्णिक साधनांचा प्रभाव १९९१ च्या आखाती युद्धात ठळकपणे दिसला. त्यांना उजेड लागत नाही, तापमानातला फरक लागतो. सोलापूरच्या माळरानावर मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. काळा खडक दिवसभर तापतो आणि मावळतीनंतर सावकाश निवतो. जमीन माणसाच्या त्वचेइतकीच उबदार होते, त्या वेळी नान्नजच्या माळावरचा धनगर चित्रात पार्श्वभूमीत मिसळून जातो. जमीन आणखी निवली की तो उजळ होऊन वेगळा दिसू लागतो. सकाळी ऊन चढताना पुन्हा हाच प्रकार घडतो. त्यामुळे अशा मुलखात टेहळणीला पहाटेपूर्वीचे तास सर्वांत उपयोगी पडतात.