सोलापूरच्या उन्हाळ्यात फर्न जगवायचा तर

मे महिन्यात सोलापुरात भिजलेली चादर दोरीवर टाकली की बघता बघता खडखडीत वाळते. तीच पावसाळ्यात दोन-दोन दिवस दमट राहते. हॉलमधल्या फर्नच्या पानांनाही हाच नियम लागू पडतो. नर्सरीतून हिरवीगार कुंडी आणली, रोज पाणी घातलं, तरी एप्रिलमध्ये पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होतात. मग घाबरून आणखी पाणी घातलं जातं आणि मुळं कुजतात. कुंडीत पाणी होतंच, कोरडी होती ती हवा.

२५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प मावतं, ४० अंशांना ५१ ग्रॅम. पावसाळी दिवसात तापमान २५ आणि आर्द्रता ८० टक्के असली, तर हवा आणखी जेमतेम साडेचार ग्रॅम बाष्प घेऊ शकते. वैशाखातल्या दुपारी तापमान ४० आणि आर्द्रता २० टक्के झाली, की हीच तूट चाळीस ग्रॅमवर जाते. जवळपास नऊपट! ती हवा पानांतून पाणी ओढून घेते, आणि फर्नची बारीक, उथळ मुळं त्या वेगानं पाणी पुरवू शकत नाहीत.

हवा सांभाळली की नेचे, म्हणजेच फर्न, जगतात, हे लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ मध्ये अचानक उमगलं. कोळशाच्या धुरामुळे त्यांच्या बागेतले नेचे मरत होते. पतंगाचा कोश ठेवलेल्या एका झाकणबंद बाटलीतल्या ओल्या मातीत मात्र नेचा आपोआप उगवला. पानांतून निघालेलं बाष्प काचेवर थेंब होऊन पुन्हा मातीत उतरत होतं. पुढे अशाच काचपेट्यांतून चीनमधली चहाची रोपं भारतात आली.

जुन्या दगडी विहिरींच्या आतल्या भिंतींवर दिसणारा हंसराज हा नाजूक फर्न घरात हवा असेल, तर त्याला मोठी काचेची बरणीच द्या, आणि ती उन्हात ठेवू नका. उघड्या हॉलमध्ये त्याचे हालच होतात. मोकळ्या खोलीसाठी बोस्टन फर्न किंवा जाड, रुंद पानांचा बर्ड्स नेस्ट फर्न बरा. न्हाणीघराची उजेडाची खिडकी, माठाशेजारची जागा, किंवा कूलर चालतो ती खोली निवडा. पण कूलरचा थेट झोत पानांवर नको, कारण वारा पानालगतची ओलसर हवा उडवून लावतो. पानांवर मारलेल्या फवाऱ्याचा परिणाम काही मिनिटांतच संपतो, त्याच्यावर विसंबू नका.

बोअरच्या जड पाण्यानं मातीवर पांढरा थर धरतो आणि पानांची टोकं करपतात. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी तर आणखी खारट, कारण पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणीही तसंच. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असतं, ते साठवा. काळी माती एकटी वापरू नका, ती पाणी धरून बसते. कोकोपीट, गांडूळखत आणि जाड वाळू मिसळा.

एक दिवस पानाच्या मागे तपकिरी ठिपके दिसतील. लगेच कीटकनाशक काढू नका. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, ओळीनं लागलेले ठिपके म्हणजे बीजाणूंचे, म्हणजे ज्यांपासून नवे फर्न उगवतात त्या सूक्ष्म कणांचे, पुंजके. खवले कीड कशीही विखुरलेली असते आणि नखानं खरवडली की सुटून येते. बीजाणू रुजला की आधी नखाएवढी, बहुधा पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची हिरवी चकती तयार होते. तिच्यावरच्या पाण्याच्या पातळ थरातून नरपेशी पोहत अंडपेशीपर्यंत जातात आणि मग नवा नेचा उगवतो. पाण्याशिवाय हे फलन होतच नाही. बोस्टन फर्नच्या बऱ्याच वाणांचे बीजाणू मात्र रुजत नाहीत. त्याची रोपं वाढवायची तर जुलैत, हवा दमट असताना, गड्डा मुळांसकट दोन भागांत वेगळा करून लावावा.